सूचक, अनुमोदक आणि माझी पीएचडी

माझी अकाउंटन्सीमधली पीएचडी आमच्या भाईंदरच्या सोसायटीने एकमताने मंजूर केली. विद्यापीठाचाही त्याला विरोध नव्हता, एवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा नातेवाईक दोनच प्रश्न विचारायचे: लग्न कधी आणि नोकरी कधी? प्रबंध सादर होईपर्यंत त्यांनी दोन्ही विचारणं सोडून दिलं. मधली वर्षं मी विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या रिसर्च रूममध्ये काढली. तिथला एसी जोरदार होता (बंद करायची सोय नव्हती, त्यामुळे आम्ही संशोधक भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो!). कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट वाचायला मिळायचे. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर मात्र एकाच कॉम्प्युटरवर चालायचं, आणि त्याच्यासाठी आम्ही उच्चशिक्षित लोक नळावरच्यासारखे भांडायचो. विषय मी हुशारीने घराजवळचा घेतला होता: मीरा-भाईंदरमधल्या सोसायट्यांचे सभासद आपल्या सोसायटीचे हिशेब कितपत वाचतात? काशीगावपासून मोरव्यापर्यंत जिने चढून मी निष्कर्ष काढला, की अजिबात वाचत नाहीत. सभेला येत नाहीत, आलेच तर प्रश्न विचारत नाहीत, आणि वेफर्स संपले की हात वर करून सगळं मंजूर करतात.

आता राहिली होती शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. ती पार पडली तर पदवी, नाहीतर प्रबंध परत. मुदतवाढ तर मी केव्हाच वापरून संपवली होती! गाईड मॅडमनी बजावलं, "प्राची, परीक्षक नागपूरहून येतायत. फार कडक आहेत. मागे एकाला त्यांनी अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला लावलंय."

या परीक्षेची एक रीत आहे. ती खुली असते. सर्व इच्छुकांनी हजर राहावं, प्रश्न विचारावेत, अशी रीतसर नोटीस निघते आणि खाली ऑनलाइन लिंक असते. प्रत्यक्षात चिटपाखरू फिरकत नाही. दोन ज्युनिअर येतात, तेही सामोशांसाठी. ही नोटीस मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकली आणि तिथेच माती खाल्ली.

कारण आमचे पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते दुसरं काही नाहीतच. त्यांच्या कारकिर्दीत वार्षिक सभेला एकदाही कोरम झालेला नाही. दर वर्षी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांत उरकते (म्हणजे पप्पा, आई आणि चहा घेऊन आलेला वॉचमन). अशा माणसाच्या हाती आयती नोटीस पडली! त्यांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर पाठवली आणि वर स्वतःची भर घातली (पिंकी म्हणजे घरची मी): 'आपल्या पिंकीची परीक्षा आहे. विषय: आपलेच हिशेब. सर्व सभासदांनी हजर राहावे. गैरहजरांची नोंद घेतली जाईल.' मला याचा पत्ताही नव्हता.

व्हायवाला मी ऑनलाइन येणाऱ्यांच्या पडद्याकडे पाठ करून ठासून सांगत होते, "थोडक्यात, सभासद पूर्णपणे उदासीन असतात." परीक्षकांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. मला वाटलं, माझ्या मांडणीने थक्क झाले. तेवढ्यात मागून कुकरची शिट्टी झाली!

मी वळून पाहिलं. पडद्यावर अख्खी बिल्डिंग होती. मध्यभागी पप्पा, लग्नातला कोट घालून.

"हॅलो, आवाज येतोय ना? कोरम पूर्ण आहे. सभा सुरू करायला हरकत नाही."

"हे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, ते... इच्छुक आहेत," मी म्हणाले. गाईड मॅडम टेबलाखाली काहीतरी शोधू लागल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे शाहभाई घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. ते गाडीतूनच कडाडले, "पिंकी बेटा, ये क्या बोला? मेंबर लोग सवाल नहीं पूछते? मैं ग्रुप पे कब से पूछ रहा हूं, लिफ्ट क्यों बंद है!"

"शाहभाई, हा विषय अजेंड्यावर नाही!" पप्पा.

"तुमी दर टायमाला असाच बोलता," तळमजल्यावरच्या ग्रेसी आंटी उसळल्या. त्या मूळच्या उत्तनच्या, आवाज थेट समुद्रापार जाणारा. "पान्याची टाकी धुतली न्हाय, ती कुठल्या अजेंड्यावर हाय?"

मॅडमनी सगळ्यांना म्यूट केलं. सगळे परत अनम्यूट झाले. जे पप्पांना ग्रुपवर इतक्या वर्षांत जमलं नाही, ते मॅडमना काय जमणार!

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्राची, तुमचा निष्कर्ष सांगतो, सभासद येत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत. इथे तर पाऊस पडतोय प्रश्नांचा. मग तुमचा प्रबंध चूक म्हणायचा का?"

सगळी वर्षं त्या एका प्रश्नावर लटकली होती, आणि तो माझ्याच घरच्यांनी पेपरात घातला होता! मी पडद्याकडे बघितलं. शाहभाई ट्रॅफिकमधून आले होते. ग्रेसी आंटींनी चर्चला नेसायची साडी नेसली होती. आई देव्हाऱ्यासमोर बसून फोनकडे बघत होती. मला एकदम भरून आलं.

"सर, ते हिशेबासाठी आलेले नाहीत," मी कशीबशी म्हणाले. "ते माझ्यासाठी आलेत."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला. मग पडद्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "आपल्यापैकी कोणी सोसायटीचा यंदाचा ताळेबंद वाचलाय?"

ग्रेसी आंटी एकदम पदर सारखा करू लागल्या. शाहभाई म्हणाले, "आवाज कट रहा है, सर," आणि गायब झाले. मग भराभर सगळ्यांचे कॅमेरे बंद पडले. शेवटचा बंद पडला तो पप्पांचा.

परीक्षक पोट धरून हसले. "निष्कर्ष सिद्ध! पदवीची शिफारस करतो."

क्षणात सगळे कॅमेरे सुरू! पप्पा उभे राहिले. "ठराव मांडतो, की आमच्या पिंकीला..." कोटाच्या बाहीने डोळे पुसून त्यांनी वाक्य कसंबसं संपवलं. "सूचक, शाहभाई. अनुमोदक, ग्रेसी आंटी." सगळे हात वर झाले. मीही रडत होते.

पण पप्पा शेवटी सेक्रेटरी! त्यांनी नाक पुसलं आणि लगेच म्हणाले, "कोणी जाऊ नका. कोरम आहे तोवर पुढचा विषय घेऊ. खजिनदाराची जागा रिकामी आहे."

"पप्पा, पण मी..."

"हरकत असेल तर लेखी द्यावी." पुन्हा सगळे हात वर झाले. त्यात एक हात नागपूरचा होता.

व्हायवानंतर पाच मिनिटांत नोकरी लागलेली आमच्या विभागातली मी पहिलीच संशोधक. पगार तेवढा नाही.