खेडला डोळे तपासायला

मी ब्लाउज शिवते. रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, राहत्या घरातच मशीन आहे. माप द्यायला आलेल्या बायका नवरा, सासू, पाळी, सगळं माझ्यासमोर घडाघडा बोलतात. टेप लावला की कुणाला दिवस गेलेत ते मला तिच्या सासूच्या आधी कळतं. या गोष्टीचा मला नको तेवढा गर्व होता.

मुलगी तेव्हा बारावीला होती. कॉलेजच्या निरोप समारंभाला साडी नेसायची म्हणून तिचा पहिला ब्लाउज बेतायला घेतला. छातीचं माप दिवाळीच्या ड्रेसपेक्षा दीड इंचानं जास्त भरलं. आमच्याकडे पाळीचे चार दिवस अजून देवाला शिवत नाहीत, आणि त्या महिन्यात संध्याकाळचा दिवा रोज तिनंच लावला होता. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तेव्हा सरळ विचारायचं की नाही? घरात आम्ही दोघीच, तिचे बाबा मुंबईला नोकरीला. दार लावायचीसुद्धा गरज नव्हती. पण गावभरच्या बायकांना पाळीबद्दल विचारणारं माझं तोंड पोटच्या पोरीसमोर उघडेना. या विषयावर मी तिच्याशी एकदाच बोलले होते, ती शहाणी झाली तेव्हा. तेही 'आता मुलांपासून लांब राहायचं' एवढंच.

मी म्हटलं, "चल गो, खेडला जाऊन डोळे तपासून येऊ. सारखं डोकं दुखतं म्हणतेस."

"डोळ्यांसाठी खेडला? इथे डॉक्टर नाहीत?"

"तिथला चांगला आहे."

खरं म्हणजे इथल्या कुठल्याही लेडी डॉक्टरकडे गेलं तरी माझं एखादं गिऱ्हाईक तिथे बसलेलं असतंच.

एसटीत ती वही मांडीवर घेऊन अभ्यास करत होती. दवाखान्याच्या दारावरची पाटी तिनं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं, मला बाहेर बसवलं. थोड्या वेळानं बोलावून म्हणाल्या, "काही नाहीये, ताई. परीक्षेच्या ताणानं पाळी पुढे जाते. आणि सतरा वर्षांची मुलगी, अंग भरणारच. हे तुम्ही तिलाच विचारायचंत ना."

माझ्या जिवात जीव आला. खोटं कशाला सांगू, तेव्हा लाज वाटली नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटलं. स्टँडवर मी तिला वडापाव घेऊन दिला. तिनं तो खाल्ला नाही, हातात धरून बसली.

परतीच्या गाडीत संगमेश्वर मागे पडलं. मग ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आई, आणि खरंच काही असतं, तर?"

एवढा अपमान गिळून पोरगी माझ्याशी बोलायला आली होती, हे मला आज कळतं. 'तर मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते,' एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. मी म्हणाले, "असलं पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

माझी मुलगी ऐकणारी आहे. आता तिला चोविसावं लागलंय, पुण्यात नोकरी करते. रोज फोन करते, जेवलीस का विचारते, गुडघा कसा आहे विचारते. आणि असलं काहीही तिनं पुन्हा माझ्याजवळ तोंडातून काढलेलं नाही.