सहा तासांचा कृष्णवर्णीय राष्ट्रवाद

स्टाफरूमच्या सिंकमध्ये न धुतलेले मग साचतात ना, तसे शाळेतले किस्से साचतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी आवरेल. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका शाळेत इतिहास शिकवून मी रिटायर झालो, तरी आठवड्यातून दोन दिवस मला अजून बोलावतात. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत. ते सांगावेत की नाही, यावर मी बराच विचार केला. माझ्या पीएचडीचा एवढाच उपयोग झाला : प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात आणि झोप लागत नाही.

तर बेव्हर्ली. माझी सहकारी. आईवडील जमैकाचे, हिचा जन्म इथलाच. तिने इयर नाइनसाठी, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी, कृष्णवर्णीय राष्ट्रवादाच्या इतिहासाचे सहा तास आखले होते. आपलं वर्तमानपत्र, आपली दुकानं, आपली जहाजं आणि शेवटी आपला देशही आपलाच असावा, असं म्हणणाऱ्या माणसांचा इतिहास. वर्गासाठी सगळं साहित्य तिने तयार करायचं, मी तपासायचं आणि घाबरायचं, अशी आमची वाटणी.

डेप्युटी हेड सायमनला मात्र सहा तास फार वाटत होते. "ऑक्टोबरमध्ये ब्लॅक हिस्ट्री मंथ असतोच, तेव्हा एक असेंब्ली करून टाकू की! वीस मिनिटांत होईल!"

बेव्हर्ली हटेना. शेवटी ठरलं, आधी साहित्य पूर्ण करायचं, मग सायमन मागे बसून एक तास बघणार आणि सहा तास की असेंब्ली, ते तोच सांगणार.

*

पहिली वर्कशीट चळवळीच्या झेंड्याची होती. लाल, काळा, हिरवा असे तीन पट्टे. कलर प्रिंटिंगला सायमनची परवानगी लागते आणि ती फक्त नव्या पालकांना शाळा दाखवायच्या ओपन ईव्हनिंगच्या पोस्टरांना मिळते. त्यामुळे झेंडा छापून आला तो तीन करड्या पट्ट्यांचा. कुठला पट्टा कुठल्या रंगाचा, मलाही कळेना.

"मुलं रंगांची कल्पना करतील," सायमन म्हणाला.

"करतील ना," बेव्हर्ली म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हा पुस्तकातल्या माणसांचे रंगसुद्धा कल्पनेनेच भरायचे!"

*

मग साहित्यात समतोल हवा म्हणून सायमनने एक टेम्प्लेट पाठवलं. प्रत्येक चळवळीखाली दोन रकाने, फायदे आणि तोटे. खाली पाचपैकी किती स्टार. समतोल हवाच, असं मी पुटपुटलो. मी जन्मभर तेच पुटपुटत आलोय.

बेव्हर्लीने वाद घातला नाही. टेम्प्लेटवर 'ब्रिटिश साम्राज्य' असं शीर्षक टाकलं आणि त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सायमन गंभीर चेहऱ्याने आला. "बेव्हर्ली, हे जरा पोरकट होतंय असं नाही वाटत? एवढा गुंतागुंतीचा विषय. त्याला स्टार कसले देणार?"

"थँक यू, सायमन!"

टेम्प्लेट गेलं. कशामुळे गेलं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

*

आमच्या शाळेत दुसऱ्यांचा इतिहास म्हटला की चाखायला काहीतरी लागतं. दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, सगळं कागदी डिशमध्ये. सायमनने साहित्याची पेटी उघडली, पुस्तिका, नकाशे, फोटो सगळं खालीवर केलं आणि विचारलं, "यात खायला काय आहे?"

"राजकीय चळवळ आहे ही," बेव्हर्ली म्हणाली. "आठव्या हेन्रीच्या तासाला काय वाटतो आपण? त्याने उडवलेलं राणीचं डोकं?"

सायमन मोठ्याने हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, मिसेसना समोसे करायला सांगाल का? सगळ्यांना आवडतात!"

आमच्या घरी आजवर कोणी समोसा तळलेला नाही. पण मी काय म्हणालो? "विचारतो."

बेव्हर्ली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही!

*

आता एकट्या सायमनला हसणं बरं नव्हे. मराठी मंडळाच्या जेवणात मेडनहेडच्या कुलकर्ण्यांनी मला गाठलं. "अहो, एवढं शिकलात आणि या वयात हे काय घेऊन बसलात? आपला काय संबंध त्यांच्याशी?"

मी संबंध समजावायला लागलो. माझ्या बोलण्यातही तळटीपा असतात, त्यामुळे वेळ लागला. कुलकर्णी पुरी संपवून दुसरी वाढून घेऊन आले, तरी मी प्रस्तावनेतच होतो.

शेजारी माझी नात इरा उभी होती. जन्म इथलाच, रेडिंगचा, मराठी तिच्या पद्धतीचं. "आजोबा, आजी मला बोलते उन्हात नको खेळू, काळी होशील. हा संबंध पण टाक ना तुझा वर्कशीटमध्ये!"

आजी श्रीखंड वाढत होती. तिचा हात तसाच राहिला.

कुलकर्ण्यांनी लगेच हॉलच्या पार्किंगचा विषय काढला.

*

आणि मग तो तास. सायमन मागच्या बाकावर, शेजारी मी. वर्गात पंजाबी, पाकिस्तानी, सोमाली, पोलिश, सगळी मुलं. धडा जहाजांचा होता. 'आपण आपल्याच जहाजांतून आफ्रिकेत परत जाऊ' असं सांगणाऱ्या जमैकन पुढाऱ्याची गोष्ट बेव्हर्ली जीव तोडून सांगत होती आणि वर्ग ढिम्म! एक मुलगा टायशी खेळत होता. कोणी प्रश्न विचारेना, विचारलेल्याला उत्तर देईना.

सायमन माझ्या कानाशी आला. "असेंब्लीत निदान गाणं तरी असतं."

संपलं, असं मला वाटलं. बेव्हर्लीलाही वाटलं असावं. तिने हातातली पुस्तिका मिटली, टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमच्यापैकी कोणाला कधी कोणी म्हटलंय का, 'तुझ्या देशात परत जा'? हात वर करा."

आधी पुढच्या बाकावरच्या सोमाली मुलीचा हात. मग टायवाला. मग खिडकीजवळची पोलिश मुलगी. मग एकामागून एक, आवाज न करता, सगळा वर्ग. बेव्हर्लीने स्वतःचाही हात वर केला. माझा कधी गेला, मला कळलं नाही.

फक्त सायमन भराभर लिहीत होता.

बेल झाली. त्याने आनंदाने माझा खांदा दाबला.

"काय पार्टिसिपेशन आहे, डॉक्टर! अगदी मागच्या बाकापर्यंत! सहाही तास ठेवा!"