तरोटा कुठून खुडला

केळापूरकडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. वाटाण्याच्या कुळातली रानटी झाडं हा माझा विषय. गुंज, खाजकुहिली, रानमूग, तरोटा. यातली निम्मी मला पुस्तकांनी नव्हे, आमच्या गावातल्या एका बाईनं ओळखायला शिकवली. ती लोकांच्या शेतात निंदणाला, तण काढायला जायची, नवरा नव्हता, लेकीसोबत राहायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला मास्तर. मी एखाद्या झाडाचं शास्त्रीय नाव सांगितलं की म्हणायची, "एवढ्या लंब्या नावानं हाक मारली तं येते का थे?"

एका पावसाळ्यात शेजारच्या गावी कुणीतरी भाजीचा तरोटा समजून रानकासोंद्याचा पाला शिजवला आणि सगळं घर उलट्यांनी बेजार झालं. मी बायकांना समाजमंदिरात बोलावलं आणि दोन्ही झाडं हातात धरून दाखवली. तरोट्याच्या पानाला तीनच जोड्या, टोकाशी गोलसर. कासोंद्याला चार-पाच, टोकदार. तरोट्याच्या खालच्या जोडीत मोहरीहून बारीक नारिंगी गाठ दिसते, कासोंद्याची गाठ देठाच्या बुडाशी असते. शेवटी मी ठासून सांगितलं, "भाजी शिजवण्याआधी मला दाखवत जा."

मावशीला दाखवायची काहीच गरज नव्हती. तरी आठवड्याभरानं, संध्याकाळी, ती माझ्या ओट्यावर आली. पदरात कोवळे शेंडे होते.

"घ्या मास्तर, तपासा. आता तुमच्या शिक्क्याबिगर चूल पेटत नाही म्हने."

मी हसलो आणि भिंग आणलं. पानांवर पांढुरके, वाळलेले ठिपके होते. त्यांच्यामुळे गाठ नीट दिसेना, म्हणून एका पानावरचे ठिपके मी अंगठ्यानं पुसले. एवढं वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली. गाठ दिसली. तीन जोड्या मोजल्या. "तरोटाच आहे," म्हणालो.

ती निघाली आणि पायरीवर थांबली. शेंडे नाकाशी नेले.

"वास जरासा येगळा येऊन राह्यला नाही?"

"तरोट्याला उग्र वास असतोच, मावशी."

"असन बा. तुमी शिकेल मानूस."

जाताना माझ्या संग्रहासाठी एक डहाळी ठेवून गेली. मी ती वर्तमानपत्रात दाबली, चिठ्ठीवर नाव, कूळ, तारीख लिहिली. स्थळाचा रकाना तसाच राहिला. कुठून खुडलं हे मी विचारलंच नव्हतं. विद्यार्थ्यांनी हा रकाना रिकामा ठेवला की मी गुण कापायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला यवतमाळला नेल्याचं कळलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोटात कीटकनाशक गेलं, असं डॉक्टर म्हणाले. ती वर्षं अशी होती की कपाशीच्या गावात एवढं ऐकलं की पुढचं कुणी विचारत नसे. त्यात त्या दिवशी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लेक रुसून उपाशीच झोपली होती. गावानं निकाल दिला, लेकीच्या बोलण्यापायी माय औषध प्याली.

ते ठिपके आठवून मी आमच्या शेताकडे गेलो, तिची निंदणाची वाट तिथूनच जायची. शेत भाऊ करायचा. कपाशीच्या कडेनं, धुऱ्याच्या बांधावर, तरोट्याचे खुडलेले बुडखे ओळीनं उभे होते. उरलेल्या पानांवर तेच ठिपके.

"फवारलं कधी?" मी भावाला विचारलं.

"ती खुडून गेली त्याच्या आदल्या दिवशी." म्हणजे त्यालाही कळलं होतं. "तू गप राह्य. मुद्दाम केलं का कोनं? आपलं नाव कायले आनतं?"

मी गप्प राहिलो. भावासाठी नाही. झाड मी बरोबर ओळखलं होतं, पण तिनं विचारलेल्या एकाच प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि ते कुणाला कळू नये असं मला वाटत होतं.

तेराव्यानंतर लेक माझ्याकडे आली. "मास्तर, माय त्या संध्याकाळी तुमच्याकडं आलती ना? माह्याबद्दल काही बोलली का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि मी तिथेच थांबलो. वर्षभरात ती गाव सोडून उमरखेडला गेली.

यंदा कॉलेजातले जुने नमुने नीट लावताना मावशीच्या डहाळीचा तो कागद हाती आला. मी तो घेऊन एसटीनं उमरखेडला गेलो. ती बाजारात भाजी विकते. दुकान आवरेपर्यंत थांबलो आणि मग सगळं सांगितलं.

तिनं रिकाम्या पोत्याची घडी घातली.

"वास येते म्हनली होती थे?"

"हो."

"मले वाटे, मी त्या दिवशी सोबत जेवली असती तं थे पेली नसती." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जेवली असती तं मीबी गेली असती."

मी कागद पुढं केला, तिनं तो परत माझ्या हाती दिला.

"मले एकटीले सांगून काय करू? गावानं मले काय म्हटलं ते तुमाले माईत हाय. तिथं सांगा."

पुढच्या रविवारी त्याच समाजमंदिरात मी उभा राहिलो. ती दाराशी बसली होती. मी ठिपके, वास, धुरा, भावाचं शेत, सगळं क्रमानं सांगितलं. भाऊ मधूनच उठून गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

मागून एक म्हातारी म्हणाली, "इतक्या वर्सांनी जीभ फुटली का मास्तर? पोरगी गाव सोडून गेली तवा कुठं होता?"

कुणी तिला गप्प केलं नाही. मी कागद जमिनीवर ठेवला आणि रिकाम्या रकान्यात शेताचं नाव लिहिलं. लेक जवळ आली, वाकून पाहत राहिली. मी पुसलेलं एक पान सोडलं, तर बाकी सगळ्यांवर ते ठिपके अजून होते.