गाणं तिचं, तोंड कोणाचं

कौतिकाबाईला मी फसवलं, चिताऱ्याने नाही.

आज पोरगा दुकानाची पाटी रंगवून घेतोय. जवसाच्या तेलाचा वास आला आणि माझं अकोल्यातलं ग्रामोफोनचं पहिलं दुकान आठवलं. कौतिकाबाईच्या गाण्यांच्या तबकड्या खपाव्यात म्हणून दारावर तिचं चित्र हवं होतं. चिताऱ्याने तिचा सावळा, देवीचे वण असलेला चेहरा हुबेहूब काढला. मी भडकलो, "असं तोंड कोण पायते? कॅलेंडरातली लक्ष्मी काढ!"

कौतिकाबाई मूर्तिजापूरहून नवं लुगडं नेसून चित्र पाहायला आली.

"शेटजी, गानं माह्यं अन् तोंड कोनाचं लावलं?"

गिऱ्हाईकं हसली. मी शिडीवरच्या चिताऱ्याकडे बोट दाखवलं, "याले इचार, यानंच बिघडवलं." तो वळून लक्ष्मीच्या गालावर ब्रश फिरवू लागला. पुढे कित्येक वर्षं मी त्याच्याच नावाने बोटं मोडली.

तिचा प्रश्न आज मीच स्वतःला विचारतो. बोला शेटजी, तोंड कोणाचं लावलं?