सौ.च्या जागी श्रीमती

महेंद्र वाघमारे सरांना एक खोड होती. बोलताना कुणी "असं म्हणतात" म्हणलं, की सर लगेच विचारायचे, "कोण म्हणतं? नाव सांगा." एकदा स्टाफरूममध्ये मी सहज म्हणलं, यंदा पाऊस लय होणार म्हणतात. तर गडी पेन काढून बसला. "कोण म्हणतं, लालासाहेब?" आता काय सांगायचं? म्हणलं, "बेडकं म्हणत्यात." तरी ते हसले न्हाईत. विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचा.

मी लालासाहेब कदम. फौजेतनं हवालदार होऊन बाहेर पडलो आन् आमच्याच गावच्या हायस्कुलात पी.टी.चा मास्तर झालो. गाव पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला. सर कडेगावकडचे, मराठी शिकवायचे. माझी भाषा रांगडी. सरांच्या संगतीनं जरा सुधारली, पण राग आला की ती परत माहेरी जाते. आन् ही हकिगत सांगताना मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वद सालानंतर कवातरी सरांनी पोरांचं वर्तमानपत्र काढलं. आधी हातानं लिहून नोटीस बोर्डावर लावायचे, मग पाटणच्या छापखान्यात चार पानं छापून घ्यायला लागले. नाव 'दवंडी'. आठवी ते दहावीची पोरं बातम्या आणायची. सर त्यांना सांगायचे, "सूर्य उगवला आणि पक्षी किलबिलू लागले, असलं मला नको. कुणाची बोअर आटली, कुणाची यष्टी चुकली, ते आणा. आणि ऐकून आणू नका, विचारून आणा. ज्याची बातमी, त्याला खुद्द विचारा." प्रूफ वाचायचं ते शेवटच्या शब्दापासनं उलटं, हेही त्यांनीच शिकवलं. सुलटं वाचलं तर डोळा गोष्टीत रमतो म्हणे, चूक सुटते. पोरं माना वाकडी करून उलटं वाचत बसायची आन् हेडमास्तरांना वाटायचं, सरांनी पोरं बिघडवली.

बिघडवली म्हंजी काय, पोरं ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचाला विचारायला लागली, नळाला पाणी कवा येणार. सरपंच माझ्याकडं आला. "आवं मास्तर, ही कार्टी मला साहेबावानी विच्यारत्यात."

"मग साहेबावानीच सांगा की," म्हणलं. "पाणी कवा येणार?"

तो तसाच माघारी गेला.

पण गाव 'दवंडी' वाचायचं म्हणाल, तर तसं काही न्हाई. पोरांचा खेळ म्हणून बघायचं. बाजारात तिच्यातनं भजी बांधून मिळायची. सरांच्या जिवाला ते लागायचं. त्यांची एकच हाव होती. पगार, बढती, बदली, कशात मन न्हाई. 'दवंडी'त आलंय म्हंजी ते खरंच असणार, असं ह्या गावानं एकदा म्हणावं, बस्स. "तेवढं झालं ना लालासाहेब, की मी भरून पावलो," असं ते मला किती वेळा म्हणाले असतील.

'दवंडी'चा एक नियम होता. पुरुषाच्या नावाआधी श्री, बाईच्या नावाआधी श्रीमती. सौ. न्हाई आन् गं. भा. न्हाई. सरांची आई तरणेपणी विधवा झालेली. सर शाळेत पहिले आले तवा बक्षीस समारंभाचं कार्ड घरी आलं, त्यावर आईचं नाव 'गं. भा.' लावून छापलेलं. सर म्हणायचे, "कार्डानं तिला आधी विधवा केलं, मग माझी आई केलं. श्री म्हटल्यावर कळतं का, ह्याची बायको जिवंत आहे का मेली? मग बाईच्याच नावापुढं ती पाटी कशाला?" मला हे तवाही पटलं, आजही पटतं. उगं कोण सरांना नावं ठेवील तर मी खपवून घेणार न्हाई.

मग आलं नव्व्याण्णव साल. वर कारगिल पेटलेलं आन् आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत. पोस्टमन दिसला की बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. सरांनी ठरवलं, जवानांच्या घरांचा एक अंक काढायचा. दहावीतली स्वप्ना ही त्यांची सगळ्यात हुशार बातमीदार. ती शेडग्यांच्या घरी गेली. तिथला आकाराम वर डोंगरात होता आन् बरेच दिवस त्याचं पत्र न्हवतं. घरात त्याची म्हातारी आई सुलाबाई आन् बायको शालन. पोरीनं असं झकास लिहिलं म्हणता, की मी फौजी गडी, पण दोनदा वाचून काढलं. शालन तिला म्हणालेली, "टीव्हीवर नुसता डोंगूर दावत्यात. माणसं कुटं दिसत न्हाईत." आन् शेवटाला, दिवाळीला येतो म्हणून सांगून गेलाय, हेही होतं.

स्वप्नानं लिहिताना 'सौ. शालन आकाराम शेडगे' असं लिहिलेलं. सरांनी 'सौ.' कापून 'श्रीमती' केलं. पोरगी दबकत म्हणाली, "सर, ह्या एका घरापुरतं राहू द्या की. आमच्यात श्रीमती म्हणजे..."

"एका घरापुरता मोडला, की तो नियम राहत नाही," सर म्हणाले. तिनंच मला हे नंतर सांगितलं.

अंक आला. शालनसारखीच सुलाबाईलाही अक्षरओळख न्हाई. ती तो घेऊन पिठाच्या गिरणीत गेली, की बाळासो, आमच्या घराचं काय आलंय ते वाच. बाळासो गिरणीवाल्यानं हेडिंग वाचलं, मग पहिली ओळ काढली, 'श्रीमती शालन आकाराम शेडगे', आन् थांबला. आता 'दवंडी' कुणी धड वाचलेली न्हवतीच; आमच्या गावानं श्रीमती हा शब्द बघितलेला एकाच जागी, निराधार योजनेच्या अर्जावर. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी. बाळासोनं गिरणी बंद केली. म्हातारी म्हणाली, "काय रं?" तो म्हणाला, "काकी, घरला चला."

पुढची ओळ कुणी वाचली न्हाई.

मी ग्राउंडवर पोरांची कवायत घेत होतो. रडारड कानावर आली तसा पळत गेलो. बघतो तर शालन ओट्यावर बसलेली, हातातल्या बांगड्या फोडलेल्या, कपाळ पुसलेलं. बायांनी पटापट सगळं उरकलं होतं. ती रडत न्हवती, नुसती मनगटाकडं बघत होती. मी इचारलं, "तार आली?"

"तार न्हाई," बाळासो म्हणाला.

"मग फोन?"

"फोन बी न्हाई." त्यानं माझ्यापुढं पेपर धरला. "'दवंडी'त आलंय मास्तर. सरांची पोरं खोटं छापत न्हाईत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अरं बैला, खालचं तरी वाचायचं की रं," म्हणलं, आन् त्याच्या हातातनं पेपर वढून घेतला. वाचून दाखवला, पण कुणाला पटंना. सरकार आधी असंच गुळमुळीत कळवतं, म्हणाले. मग मोटरसायकल काढली, पाटण गाठलं, एसटीडीवरनं फोन लावत बसलो. जुन्या वळखी काढल्या, एकाला दुसऱ्याचा नंबर मागितला. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, शेडगे ठणठणीत हाय. तोवर शालन तशीच बसून होती.

सर शेडग्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. कुणी बसा म्हणालं न्हाई. सुलाबाई म्हणाली, "सर, तुमी शिकली-सवरली माणसं. एका अक्षरानं माझं पोरगं मारलं व्हय?" सर म्हणाले, "पोरीनं बरोबर लिहिलं होतं. चूक माझी आहे." एवढंच. खुलासा केला न्हाई, आईची गोष्ट सांगितली न्हाई.

माघारी येताना ओढ्याजवळ थांबले आन् म्हणाले, "लालासाहेब, माझ्या आज्ज्याला गाव मयताचे सांगावे घेऊन पळवायचं. ऊन नाही, पाऊस नाही. छप्पन्न साली त्यानं दीक्षा घेतली आणि ते काम टाकलं. मार खाल्ला, पण टाकलं. आणि मी ते छापून वाटलं. तेही जित्या माणसाचं."

पुढच्या अंकात त्यांनी चौकटीत दुरुस्ती छापली. पहिल्यांदा आपला नियम मोडून 'सौ. शालन आकाराम शेडगे' असं लिहिलं, माफी मागितली, आन् 'दवंडी' बंद केली. मी लय भांडलो. म्हणलं, घोडा अडखळला म्हणून कुणी त्याला गोळी घालतं का? स्वप्ना दोनदा येऊन रडून गेली. सर म्हणाले, "इतकी वर्षं मी ह्या गावाकडं विश्वास मागत होतो. त्यांनी दिला, तर मी असा वापरला." त्यानंतर ते व्याकरण शिकवायचे. मन लावून शिकवायचे, पण वर्गातनं कुणी पोर प्रश्न विचारत बाहेर पडलेलं मला पुन्हा दिसलं न्हाई. केवढा माणूस वाया गेला, ह्याची मला अजून हळहळ वाटते.

शालननं बांगड्या परत भरल्या, कुंकू लावलं. पण गौरीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं न्हाई. तोंडावर कोण काय बोललं न्हाई हां. "बोलवायचं राहून गेलं बघ," म्हणायच्या. एकदा पुसलेलं कपाळ, वाईट दिसायला नको, असा सगळा मामला. नवरा जिता आन् ही बाई कुणाच्या ओटी भरण्यात न्हाई. सरांच्या कानावर ते गेलं तवा त्यांनी डबा उघडला होता, तो तसाच झाकला.

दिवाळीला आकाराम रजेवर आला. सुट्टी संपून शाळा भरल्यावर नवरा-बायको दोघं सरांना भेटायला आली. आकाराम मोकळा गडी. म्हणाला, "सर, मरून आलेला माणूस बघून घ्या." मी हसलो. सर हसले न्हाईत आन् ह्या वेळी दुसऱ्या दिवशीही हसले न्हाईत. ते शालनकडं बघून म्हणाले, "ताई, मी दुरुस्ती केली होती. तुमच्या नावाआधी सौ. छापलं होतं."

शालन म्हणाली, "ह्येंनी वाचून दावलं की. पर ते कशाला छापलं, सर? त्या पोरीनं मला नाव इच्यारलं तवा मी म्हणलं, शालन. निस्तं शालन. आदी तिनं एक लावलं, मग तुमी दुसरं लावलं, फिरून पयलं लावलं. मला कुनी इच्यारलंच न्हाई."

सरांचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. "पुढच्या अंकात..." म्हणाले, आन् थांबले. आकारामनं माझ्याकडं बघितलं. पुढचा अंक निघणार न्हवता, हे त्याला कुणी सांगितलं न्हवतं.