काकाची वरात, विशालचा बँजो आणि हिंगोलीच्या दोन लाल एलईडी

विशालचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात चहाच्या रांगेत उभी होते. "शनिवारी काकाच्या पोराची वरात हाय. ढोल वाजला की आपला बँजो ऐकूच येत न्हाई. काका म्हणून राहिला, या टायमाला बी असंच झालं तर पुढं घरच्या सगळ्या लग्नांना डीजे. तू येऊन पेडल बघ ना."

झालं, चहा राहिला बाजूला. मी तिथल्या तिथं नांदेडच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं आणि मग सुट्टी मागितली.

विशाल माझा कॉलेजचा मित्र. आता औंढा तालुक्यातल्या त्याच्या तांड्यावर हळदीची शेती करतो आणि लग्नसराईत पाच जणांची बँजो पार्टी चालवतो. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. विशाल तो गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलमधून, म्हणजे पायानं चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या डबीतून नेतो, मग तो असा काही खरखरीत गरजतो की आजोबा लोकही खांदे उडवायला लागतात. पार्टीचं सगळं पोट या गरजण्यावर. आणि मला पेडल उघडून आतली कलाकारी बदलायचं वेड. नवरा म्हणतो, मी घरातलं एकही पेडल सुखानं जगू दिलेलं नाही. खरंच आहे ते.

शुक्रवारी सकाळी नांदेडहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी राणीसारखी खिडकीत. वारंगा फाट्याला उतरून गरम खिचडी आणि भजी खाल्ली. तुम्ही या रस्त्यानं गेलात तर पोट रिकामं ठेवून जा, एवढंच सांगते. दुसरी प्लेट मागवून पिशवी चाचपली आणि मग ती बाकड्यावर पालथीच केली. सोल्डरिंग गन होती, कपॅसिटर होते, मुख्य सामान म्हणजे लाल एलईडी मात्र पुण्यात टेबलावर.

पेडलच्या आत दोन छोटे डायोड आवाजाच्या लाटेचा माथा छाटतात, त्यातूनच ती खरखर येते. पण ते फार लवकर छाटतात, म्हणून आवाज बारका होतो. त्यांच्या जागी एलईडी लावल्या की त्या उशिरा छाटतात आणि आवाज दणदणीत, मोकळा निघतो. अख्खी मोहीम त्या दोन दिव्यांवर होती.

कळमनुरीमार्गे हिंगोली गाठली. स्टँडवर विशाल मोटरसायकल घेऊन उभा होता. बाजारात हळदीचा वास असा की रुमाल नाकाला लावावा की श्वास भरून घ्यावा, ठरेना. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या चाचांना दोन लाल एलईडी मागितल्या.

"दो ही? शादी का घर बोल रहे, पूरी माला ले जाओ."

"माला नहीं चाचा, बाजे के अंदर लगानी है."

"अंदर लगाओगे तो दिखेगी किसको?" चाचांनी चार दिल्या, दोनचेच पैसे घेतले.

औंढ्याच्या रस्त्यानं तांड्यावर पोचलो, वाटेत सिद्धेश्वरचं पाणी बघायला थांबलो. एप्रिलमध्ये जाणार असाल तर डोक्याला उपरणं घ्या, नाहीतर भाजून निघाल. घरासमोर शिजवलेली हळद उन्हात पसरली होती. शनिवारी सकाळी तिथंच सावलीला बसून मी पेडल उघडलं. जुने डायोड काढले, एलईडी लावल्या, पुढचा कपॅसिटर मोठा टाकला म्हणजे खर्जही आत शिरेल. विशालनं तार छेडली. आवाज आला तशा दोन्ही एलईडी लुकलुकल्या. तो वाजवील तशा त्या पेटत होत्या. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. शेजारची कोंबडी पळून गेली.

मग आम्ही जेवायला बसलो. झाकण उघडंच ठेवून.

परत येऊन बघतो तर विशालची आई, सगळे तिला याडी म्हणतात, पेडलपुढं हात जोडून बसलेली. नव्या कामाची पूजा केली होती. सर्किटवर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं, वरून पाणी शिंपडलेलं.

"याडी, हे काय केलंस?" विशाल पांढराफटक.

"ट्रॅक्टरला लावलं, मोटारीला लावलं, हिलाच काहून न्हाई? दिवे लागले न्हाई का तिच्यात?"

विशालनं पेडल लावून पाहिलं. नुसती शिट्टी. याडीचा चेहरा असा पडला की मलाच रडू आलं. वरात पाचला, आणि आतापासूनच काका मंडपात कुणाला तरी डीजेचा नंबर विचारत होता.

मी सॅनिटायझर आणि दात घासायचा ब्रश घेतला. सॅनिटायझरमध्ये हळद विरघळते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सर्किट, ब्रश, माझी बोटं, ओढणी, सगळं पिवळं. याडी मान खाली घालून म्हणाली, "आता नवरीच झालीस तू." तेव्हा कुठे सगळे हसले. चार वेळा घासलं, स्वच्छ पाण्यासारखं सॅनिटायझर उतरेपर्यंत. मग पेडल हळदीच्याच शेजारी उन्हात वाळत घातलं आणि याडी ते राखत बसली.

साडेचारला तार छेडली. शिट्टी नाही. एलईडी लुकलुकल्या. मी झाकण लावून स्क्रू एवढे आवळले की विशालनं हात धरला.

वरात निघाली. ढोल सुरू झाले आणि त्यांच्या डोक्यावरून बँजो असा गरजत निघाला की घोडीनं कान मागं घेतले. मी नाचले, याडी नाचली. दोन वळणांनंतर काका गर्दीतून वाट काढत आमच्या स्पीकरच्या गाड्याशी आला. विशालचे हात तारांवरच थबकले.

"अरे जरा कमी कर की," काका त्याच्या कानाशी ओरडला, "पाव्हण्यांशी बोलणं बी होईना. आन् पुढच्या महिन्यात धाकट्याचंबी तूच वाजव."

विशालनं मान हलवली. आवाज काही कमी केला नाही.

पुण्यात येऊन आठवडा झाला, बोटं अजून पिवळीच. ऑफिसात सगळ्यांनी विचारून झालं. परवा माझ्या पेडलमध्ये चाचांच्या उरलेल्या दोन एलईडी लावल्या. झाकण बंद करण्याआधी याडीनं बांधून दिलेली पुडी सोडली आणि चिमूटभर हळद झाकणाला आतून लावली. कोरडीच.