टाळ्या मनात वाजवाव्यात

गाणाऱ्याने आपला गळा सांभाळावा, हे ठीक आहे. पण गाणाऱ्याच्या वतीने गुळण्या करणारा माणूस उभ्या सोलापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. बायकोचे हे सख्खे मामा मूळचे मंद्रूपचे. गेली कित्येक वर्षं नवी पेठेतल्या एका दुकानात गादीवर बसून साड्या दाखवतात, आणि मामी गेल्यापासून आमच्याकडे पुढच्या खोलीत राहतात. त्यांच्या लाडक्या गायिकेचा कार्यक्रम ज्या दिवशी असेल, मग तो गावात असो नाहीतर चार जिल्हे पलीकडे, त्या दिवशी मामा सकाळी कोमट पाण्यात मीठ-हळद घालून मोरीपाशी अर्धा तास गुरगुरत उभे राहतात. त्या दिवशी दही नाही, चिंच नाही, माठातलं पाणी तर नाहीच. एकदा ऑफिसच्या घाईत मी कुरकुरलो, "मामा, गाणार त्या, मग गुळण्या तुम्ही का करताय?" मामांनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि शांतपणे सांगितलं, "जावईबापू, तितं गडबडीत त्यांना जमतंय न जमतंय. हितनं झालेल्या बऱ्या की." त्या दिवशी मी दाढी न करताच ऑफिसला गेलो.

ही गायिका कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. मुलगी गाणं शिकली, लहानमोठे कार्यक्रम करत तिने नाव कमावलं. वयाने ती माझ्या बायकोपेक्षाही धाकटी, पण मामा तिला 'ताई' म्हणतात आणि तिच्याविषयी बोलताना आवाज अर्धा करतात. तिला 'वन्स मोअर' मात्र ते पूर्ण आवाजात देत. मामांचा वन्स मोअर गावात प्रसिद्ध होता. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, डोक्यावरची टोपी हातात, आणि गाणं संपल्यावर दुसऱ्या कुणाचा हात टाळीसाठी उठायच्या आत मामांची आरोळी. सवयच अशी जडली होती की माझ्या लग्नात एका मंगलाष्टकेलाही त्यांनी वन्स मोअर दिला, आणि लग्न लावणाऱ्या स्वामींनी त्याचा मान ठेवून ती पुन्हा म्हटली. अक्षता धरून हात अवघडलेली वऱ्हाडी मंडळी अजून मला ते ऐकवतात, जणू आरोळी मीच ठोकली होती.

दुकानात मात्र हाच माणूस अगदी मुका. 'कुठला रंग दाखवू' असं ते गिऱ्हाइकाला कधी विचारत नाहीत. एकामागून एक साडी उलगडत जायची आणि गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत राहायचं, ही त्यांची रीत. "तोंड खोटं बोलतंय जावईबापू, हात न्हाई बोलत," असं ते सांगतात. हात काठावर रेंगाळला की ती साडी बाजूला. बाईने आपल्याच पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, की समजायचं, हिला काहीच मनाला येत नाहीये आणि ही आता उठणार. मग मामा सगळा ढीग बाजूला सारून म्हणतात, "बाई, पानी प्या. साडीचं नंतर बगू." अशा पाण्यावर बसून राहिलेल्या बायका पुढे दोनदोन साड्या घेऊन गेलेल्या मी पाहिल्या आहेत. रविवारी घरी असले की मामा मामीच्या ट्रंकेतल्या साड्या काढून, घडी मोडून, पुन्हा घडी घालून ठेवत. ही एक गोष्ट मात्र आम्ही कोणी थट्टेवारी नेत नसू.

तर ही गायिका एका दुपारी मोबाइलवर थेट लोकांपुढे आली. मागे तंबोरा नाही, तोंडाला रंग नाही. म्हणाली, की दोन वर्षं मी मनाने आजारी आहे. डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. टाळ्यांचा आवाज आला की छातीत धडधडतं. वन्स मोअर आला की वाटतं, आता पुन्हा तसंच जमलं नाही तर? पळून जावंसं वाटतं. म्हणून कार्यक्रम थांबवले आहेत. लपवून लपवून दमले, आता सांगून टाकते. मामा आमच्या स्वयंपाकघरात भाकरी खात हे बघत होते. त्यांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली आणि उठून गेले. मला वाटलं, आपल्या वन्स मोअरचं त्यांना लागलं असणार, आणि ते खरंही होतं. तिसऱ्या दिवशी मला दाराशी गाठून विचारलं, "जावईबापू, मनाचा डॉक्टर सोलापुरात कुटं बसतो हो?" मी हसून म्हटलं, "का? ताईंना इकडे आणताय काय उपचाराला?" मामा म्हणाले, "चौकशी करून ठेवावी म्हनलं." मी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. त्यांनी त्या एवढ्याशा चिठ्ठीचीसुद्धा साडीसारखी घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्यानंतर मामांनी मोर्चा मोबाइलकडे वळवला. गायिकेच्या त्या बोलण्याखाली लोकांनी चांगलं लिहिलं होतं तसं नको नको तेही लिहिलं होतं. नाटकं करते, प्रसिद्धी पाहिजे, वेड लागलंय, असलं बरंच काही. मामा एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून, प्रत्येकाला उत्तर लिहायला बसले. उत्तराची सुरुवात 'सा.न.वि.वि.' अशी आणि शेवट 'आपला नम्र' असा. मधला मजकूर एकच: 'आपण जेवलात का? नसल्यास जेवून घ्यावे व मग पुन्हा वाचावे.' मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? तर म्हणाले, "उपाशी मानूस लई वाईट बोलतंय. आमच्या दुकानात बघा की, दुपारी एकची गिऱ्हाइकं कशी असत्यात." गंमत म्हणजे काही लोकांनी आपलं लिहिलेलं खरंच काढून टाकलं. एकाने तर 'जेवलो, चुकलो' असं कळवलं. मामांनी त्याला 'कळावे, लोभ असावा' असं उलट कळवलं आणि लगेच आपल्या मंडळात घेतलं. मंडळ म्हणजे ताईंच्या चाहत्यांचं. त्यात एक रिक्षावाले, दोन नर्सबाई आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या एक अक्का. अक्का तेलुगू बोलत, मामा उत्साहात आले की कानडी बोलत, आणि विषय ताई असल्यामुळे दोघांचं कुठेच अडत नसे.

आठएक महिन्यांनी मामांच्या हाती एक बातमी लागली. ताई पुन्हा गाऊन बघणार होत्या. लहान जागा हवी, कार्यक्रम सकाळचा हवा, आणि हा एकदाच प्रयत्न. नाही जमलं तर गाणं कायमचं सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मंडळाने सोलापुरातच एका शाळेचं सभागृह मिळवलं. रविवारी सकाळी दहा वाजता गाणं ऐकायला सोलापूरकर येणार नाहीत अशी माझी खात्री होती, पण सभागृह भरलं. मामांनी त्या दिवशी इतक्या गुळण्या केल्या की घरातलं मीठ संपलं. आणि साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यांनी प्रत्येक दारावर पाटी लावली होती: 'कृपया टाळ्या, शिट्ट्या व वन्स मोअर देऊ नये. टाळ्या मनात वाजवाव्यात.' शिवाय दारात स्वतः उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाकडून ते वचन घेत होते. पंख्यांची घरघरही नको म्हणून पंखे बंद. लोक घामाने निथळत होते, पण कोणी हूं की चूं केलं नाही. अक्कांनी तर तोंडात पदराचा बोळा धरला होता.

ताई मागच्या दाराने आल्या, आणि पाट्या पुढच्या दारांना होत्या. हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पहिलं गाणं त्यांनी डोळे मिटून म्हटलं. सुरुवातीला आवाज थोडा कापला, मग असा लागला की माझ्यासारख्या फाइलींच्या माणसाच्याही अंगावर काटा आला. गाणं संपलं. त्यांनी डोळे उघडले. आणि समोर काय, तर भरलेलं सभागृह, घामाघूम, तोंडं घट्ट मिटलेली, आणि स्मशानशांतता. त्यांनी पेटीवाल्यांकडे बघितलं. मी मनात टाळ्या वाजवत बसलो होतो, मला काही समजलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला समजलं, कारण तो तोंडाकडे बघतच नव्हता. ताईंनी पदराचं टोक धरून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती.

मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. "ताई, उटू नका," ते म्हणाले. "गानं लई चांगलं झालं. ही मंडळी माज्यामुळं गप हायत. टाळ्यांचं भ्या वाटतंय म्हनला होता न्हवं, म्हनून मी दाराला पाटी लावलीया. चूक माजी हाय, त्यांची न्हाय."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माइकमधून हळूच विचारलं, "ते 'जेवलात का' लिहिणारे तुम्हीच का?"

"व्हय," मामा म्हणाले. एवढ्यावर खाली बसायचं, तर नाही. टोपी एकदा या हातातून त्या हातात गेली. "आनि मी बी जातोय. मनाच्या डॉक्टरकडं. आमची मालकीण गेल्यापासनं झोप न्हवती, कशात जीव लागत न्हवता. सांगायचं कुनाला? लोक हसतील वाटायचं. तुमी सांगितलंसा, तवा धीर झाला. घरात बीपीची गोळी म्हनून खातोय. ही पुढं बसलीया ती माजी भाची. तिला बी आत्ताच कळतंय."

मी त्यांना लिहून दिलेल्या त्या चिठ्ठीची आठवण आली आणि मला स्वतःची लाज वाटली. हसून दिली होती मी ती. माझ्या बायकोचे डोळे भरले होते, पण ती मंद्रूपच्या मामांचीच भाची. मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मामा, घरी चला, मग बघते तुमच्या बीपीकडं." सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. मग अक्कांचा पदराचा बोळा सुटला आणि सगळेच हसले. ताईही हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "मामा, हसायला परवानगी आहे का?" त्यांनी विचारलं.

"पाटीवर त्याबद्दल काय लिव्हलेलं न्हाय," मामा म्हणाले.

"मग टाळ्याही वाजवा. पण हळू."

आणि त्या सकाळी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या अशा टाळ्या ऐकल्या. मूल थोपटावं तसं सगळं सभागृह हळूहळू टाळ्या वाजवत होतं. ताईंनी पदराचं टोक सोडलं. पुढे त्या तासभर गायल्या. शेवटच्या गाण्यानंतर त्यांनीच तिसऱ्या रांगेकडे बघून म्हटलं, "काय मामा, आज वन्स मोअर नाही?" मामा उठले, तोंड उघडलं, पण ती प्रसिद्ध आरोळी काही बाहेर येईना. एवढ्या गुळण्या केलेला गळा ऐन वेळी फितूर झाला. शेवटी कानडीत कसंबसं पुटपुटले, "हाडव्वा." म्हणजे गा गं बाई. तेवढं ताईंना पुरलं, आणि त्या पुन्हा गायल्या.

आता मामा डॉक्टरकडे जाताना अख्ख्या नवी पेठेला सांगून जातात. चपला घालता घालता दुकानाच्या पायरीवरूनच जाहीर करतात, "मनाच्या डॉक्टरकडं निगालोय, कुनाला काय विचारायचं असंल तर सांगा." पूर्वी लोक गालात हसत, हल्ली एखादा दुकानदार त्यांना बाजूला घेऊन हळूच पत्ता विचारतो. मामीच्या साड्यांपैकी दोन त्यांनी भाचीला नेसायला दिल्या, बाकीच्या अजून ट्रंकेत आहेत. सगळं काही बरं झालं आहे असं नाही. मामांचे काही दिवस अजून मुके जातात. ताईही अधूनमधूनच गातात आणि कधीकधी आदल्या दिवशी निरोप येतो, की उद्या जमणार नाही. मग मंडळ त्याच पुठ्ठ्यांवर दुसऱ्या बाजूने लिहितं: 'ताईंना आज बरं नाही. कार्यक्रम पुन्हा कधीतरी. घाई नाही.'

मागच्याच महिन्यात असा निरोप आला. सकाळी बघतो तर मोरीपाशी मामा कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभे. मी म्हटलं, "मामा, कार्यक्रम रद्द झालाय ना?"

"कार्यक्रम रद्द झालाय जावईबापू," ते म्हणाले, "गळा हाय की अजून."

मला ऑफिसला उशीर होत होता. तरी मी दुसरा पेला घेतला, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.